चार पोती खपली

इजिप्तच्या राजांविषयी काही वाचायला घेतलं की मी आधी धान्याचा हिशेब शोधतो. पिरॅमिडची उंची, सोन्याचे मुखवटे, लढायांची वर्णनं हे सगळं नंतर. ही सवय नोकरीतून आली. माझ्या कामाची बहुतेक वर्षं रोजंदारीवरच्या मजुरांची हजेरीपत्रकं तपासण्यात आणि त्यांच्या मजुरीची बिलं मंजुरीला पाठवण्यात गेली. पाझर तलाव असो की रस्ता, काम माझ्यापर्यंत यायचं ते कागदावरची नावं आणि नावांपुढचे दिवस होऊन. त्यामुळे अमुक राजानं अमुक बांधलं, असं वाक्य आलं की मी तिथेच अडतो. बांधणाऱ्यांना काय दिलं, कधी दिलं, आणि दिलं नाही तेव्हा काय झालं?

प्राचीन इजिप्तच्या बाबतीत या प्रश्नांना उत्तरं मिळतात. सगळ्या काळासाठी नाही, पण जिथे मिळतात तिथे अगदी दिवसवार.

राजांनी स्वतःविषयी जे कोरून ठेवलं त्यावर मात्र फार विसंबता येत नाही. दुसऱ्या रामसेसनं इ.स.पू. १२७४ च्या सुमारास कादेश इथे हित्ती सैन्याशी लढाई केली. ती बरोबरीत सुटली. पुढे कितीतरी वर्षांनी दोन्ही राज्यांत तह झाला. तरी अबू सिंबेलपासून लक्सरपर्यंत भिंतींवर हा राजा एकटा रथावर उभा राहून शत्रूचं दळ उधळतो आहे. देवळाची भिंत देवासाठी होती. राजानं जग नीट चालवलं आहे, हे देवाला सांगण्याची ती जागा होती, आणि तिथे अर्धवट जिंकलेली लढाई कोरण्याची सोय नव्हती.

‘जग नीट चालवणं’ हे त्यांच्या राजेपणाचं मर्म होतं. त्याला ते मात म्हणत. सत्य, न्याय, सुव्यवस्था, नाईलचा वेळेवर येणारा पूर, माणसाला मिळणारा त्याचा वाटा, हे सारं त्यात आलं. देवळातल्या चित्रांत राजा तळहातावर मातेची छोटी मूर्ती घेऊन देवापुढे धरतो. मला वाटतं, या कल्पनेची खरी परीक्षा कोठारात होत होती. त्या देशात तेव्हा नाणी नव्हती. पगार म्हणजे धान्य. ते दर महिन्याला पोचलं तर मात आहे, नाही पोचलं तर नाही.

लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर राजांच्या थडग्यांची दरी आहे. तिथे प्रवाशांची दाटी असते. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, एका कोरड्या घळीत, देइर अल-मदिना नावाचं उद्ध्वस्त गाव आहे. ती थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहत. वस्ती अठराव्या राजवंशाच्या सुरुवातीला बसली आणि साधारण चारशे वर्षं टिकली. मी गेलो तेव्हा उन्हं चढली होती आणि गावात एक पहारेकरी सोडला तर कुणी नव्हतं. मधून एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं. तटाच्या आत सगळी मिळून ६८. कंबरेएवढ्या दगडी भिंती उरल्या आहेत, त्यामुळे घराची मांडणी उभ्यानं दिसते. पुढची खोली, मग खांब असलेली मोठी खोली, मग निजायची, मग स्वयंपाकाची जागा, जमिनीखाली तळघर, वर जाणाऱ्या पायऱ्या. पाण्याचा मात्र पत्ता नाही. पाणी खालून, शेतीच्या पट्ट्यातून, गाढवांवर लादून आणावं लागे आणि त्यासाठी सरकारनं माणसं नेमलेली होती. मासे आणणारे, भाजी पिकवणारे, सरपण आणणारे, कपडे धुणारे असेही लोक गावाला लावून दिलेले होते. हे गाव स्वतः काही पिकवत नव्हतं. ते पूर्णपणे राजाच्या कोठारावर जगत होतं.

साध्या कारागिराला महिन्याला चार पोती एमर गहू आणि दीड पोतं जव मिळे. मुकादमाला साडेपाच पोती गहू आणि दोन पोती जव. पोतं म्हणजे साधारण ७६-७७ लिटरचं माप. एमर म्हणजे आपल्याकडचा खपली गहू. सांगली-साताऱ्याकडे सणाला त्याची खीर करतात. गव्हाची भाकरी आणि जवाची बिअर हे त्यांचं रोजचं अन्न. मोठं कुटुंब पोसून थोडं देवाणघेवाणीला उरेल इतकं हे धान्य होतं. त्या काळच्या मानानं हे लोक सुस्थितीत होते, आणि पुढे जे घडलं ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

दहा दिवसांचा त्यांचा आठवडा. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. कामाच्या रात्री ते गावी परतत नसत, डोंगराच्या खिंडीत बांधलेल्या दगडी झोपड्यांत झोपत. कामगारांच्या दोन तुकड्या, उजवी आणि डावी. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या, म्हणून वजन करून द्यायच्या आणि वजन करून परत घ्यायच्या. थडग्याच्या आत दिव्याच्या उजेडात काम चाले, तेव्हा वाती मोजून द्यायच्या. आणि हे सगळं लिहून ठेवायचं. पपायरस महाग, म्हणून रोजची नोंद चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर होई. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षं इथे उत्खनन केलं, तेव्हा गावाबाहेरच्या एका खोल खड्ड्यातून अशा लिहिलेल्या कपच्या हजारोंनी निघाल्या. त्या वाचण्यात यारोस्लाव चेर्नी या चेक विद्वानानं आयुष्य घातलं. या ज्ञानशाखेतल्या कामांपैकी मला सर्वात आदर वाटतो तो या कामाबद्दल.

अशीच एक मोठी कपची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुलीकडे लंडनला गेलो असताना ती पाहिली. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं चाळिसावं वर्ष. चाळीस कामगारांची नावं एकाखाली एक. प्रत्येकासमोर तो कोणत्या दिवशी आला नाही ते काळ्या शाईत, आणि त्या दिवसाच्या वर लाल शाईत कारण. आजारी. डोळे आले. विंचू चावला. आईचं शव गुंडाळत होता. बिअर घालत होता. एकाच्या नावापुढे साहेबाच्या खासगी कामाला गेल्याची नोंद आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. आमच्या हजेरीपत्रकात कारण लिहायला रकानाच नसे. गैरहजर म्हणजे फुली, आणि फुली म्हणजे मजुरी नाही. ३२०० वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाला माणूस का आला नाही हे लिहावंसं वाटलं, किंवा लिहिणं भाग होतं. दोन्ही शक्यता मला त्या राज्यव्यवस्थेबद्दल भिंतीवरच्या कोणत्याही प्रशस्तीपेक्षा जास्त सांगतात.

हिशेबाची ही रीत त्याच्याही फार आधीची. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस आजवर जेवढे मिळाले त्यांत हे सर्वात जुने. त्यांत मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची टोळी तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेवर चढवून गिझाला नेत होती, खुफूच्या पिरॅमिडसाठी. कुठल्या दिवशी दगड भरला, रात्री मुक्काम कुठे, एवढंच त्यात आहे, आणि सोबतच्या कागदांत टोळीला आलेल्या अन्नधान्याचा हिशेब. पिरॅमिड मुळात १४६ मीटरहून उंच होता. तो बांधवणाऱ्या खुफूची खात्रीनं त्याचीच म्हणता येईल अशी एकच संपूर्ण मूर्ती मिळाली आहे. ती हस्तिदंती आहे, साडेसात सेंटिमीटरची. त्याच्याबद्दल आपल्याला जे थोडं पक्कं ठाऊक आहे, त्यात मेरेरच्या रोजनिशीचा वाटा मोठा आहे.

तिसऱ्या रामसेसकडे वळतो. इ.स.पू. ११८४ च्या आसपास तो गादीवर आला आणि एकतीस वर्षं टिकला. त्याचं मेदिनेत हाबूचं देऊळ कारागिरांच्या गावापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. त्याच्या भिंती इतक्या खोल कोरल्या आहेत की काही अक्षरांत मनगटापर्यंत हात जातो. राज्याच्या आठव्या वर्षी समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांना त्यानं परतवलं त्या लढाईची चित्रं तिथे आहेत. शत्रूंच्या कापलेल्या हातांचे ढीग आहेत आणि शेजारी ते मोजून लिहून घेणारे कारकून. ही संकटं खरी होती. त्याच सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची कितीतरी नगरं आणि हित्तींचं राज्य कोसळलं. इजिप्त तगलं, याचं श्रेय या राजाला द्यायला हवं. त्याला वाईट राजा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५५ च्या आगेमागे, गावाचं धान्य आलं नाही. त्या वर्षी आधीही उशीर झाला होता आणि गावाचा लेखनिक अमेननाख्त यानं धावपळ करून एका देवळातून थोडा गहू मिळवला होता. या वेळी कामगार थांबले नाहीत. छिन्न्या ठेवून, पहाऱ्याच्या पाच चौक्या ओलांडून ते सपाटीवर उतरले आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, महिन्यातले अठरा दिवस होऊन गेले, असं त्यांनी सांगितलं. समजूत घालून त्यांना परत पाठवलं गेलं, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उतरले. नंतर ते थेट रामेसियममध्ये, दुसऱ्या रामसेसच्या देवळात शिरले. ती जागा त्यांनी उगीच निवडली नव्हती. रामेसियमच्या मागे कच्च्या विटांच्या कमानी छपरांची कोठारं आहेत. बरीचशी आजही उभी आहेत. धान्य तिथे असायचं. उपासमार होत असलेली माणसं कोठाराच्या दाराशी जाऊन बसली होती. जगात लेखी पुरावा असलेला हा पहिला संप मानला जातो. त्यांचं गाऱ्हाणं असं, की तहान आणि भूक आम्हाला इथे घेऊन आली. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या स्वामीला, फेरोला कळवा, आणि वझीरालाही कळवा.

पहारेकऱ्यांचा प्रमुख त्यांना हाकलायला आला नाही. उलट त्यानं त्यांना सुचवलं की हत्यारं गोळा करा, घरांना कुलपं लावा, बायकामुलांना घेऊन या, मी पुढे होतो. थकलेलं धान्य मिळालं. मग पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

या सगळ्या नोंदी अमेननाख्तनं केल्या असं मानतात, आणि तो पपायरस आता इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. त्यातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. पुढच्या खेपेला कामगार म्हणाले, आम्ही भुकेपोटी चौक्या ओलांडल्या नाहीत. आमचं म्हणणं वेगळं आहे. फेरोच्या या जागेत वाईट गोष्टी चालल्या आहेत.

हे वळण मी ओळखतो. मजुरी थकली म्हणून कचेरीत माणसं यायची. आधी पैशाचं बोलायची. चहा पाजला, बसवून घेतलं, की हळूहळू दुसरं बाहेर पडायचं. पत्रकावर जी नावं आहेत ती माणसं कामावर नाहीतच, मोजमापाच्या वहीत खाडाखोड आहे, असं काहीबाही. पोटाची तक्रार घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा न्यायाची तक्रार सोबत घेऊनच आलेला असतो. फक्त ती बोलायला त्याला वेळ लागतो, कारण ती ऐकून घेतली जाईल याची खात्री नसते. थडग्यांच्या भिंतींवर मातेची मूर्ती रंगवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते कारागीर राजाच्या अधिकाऱ्यांना मातेच्याच कसोटीवर धरत होते.

वझीर ता त्या भागात आला, पण कामगारांना भेटला नाही. राजाच्या राज्याला तीस वर्षं होणार होती, त्या महोत्सवासाठी दक्षिणेकडच्या देवांच्या मूर्ती न्यायला तो आला होता. त्यानं निरोप पाठवला की कोठारातच काही नाही, जे सापडलं ते देतो. देण्यात आलं ते अर्धं धान्य.

आणि अमेननाख्त? त्याला नुसता कामगारांचा कैवारी ठरवलं तर ते खोटं होईल. अपुरं धान्य वाटून झाल्यावर मुकादम कामगारांना घेऊन नदीकाठी जायला निघाला, तेव्हा अमेननाख्तनं त्यांना अडवलं. आत्ताच तुम्हाला गहू दिला, तरी गेलात तर कुठल्याही न्यायसभेत मी तुम्हाला दोषी ठरवीन, असा दम दिला आणि त्यांना परत वर नेलं. हाही प्रसंग त्यानं लिहून ठेवला, स्वतःच्या धमकीसकट. वरचे देत नाहीत, खालचे ऐकत नाहीत, आणि दोघांमध्ये एक कागद धरलेला माणूस. त्याची कुचंबणा मी जवळून जाणतो. म्हणूनच त्यानं धमकी खोडली नाही, याचं मला मोल वाटतं.

कोठारं का रिकामी झाली? एकच कारण सांगता येत नाही. लढायांचा खर्च होता, परकी प्रदेशातून येणारी खंडणी आटत होती, आणि पुढच्या काही दशकांत धान्याचे भाव चढत गेले. देवळांकडे मात्र ओघ चालूच होता. या राजानं देवांना दिलेल्या जमिनी, गुरं, माणसं आणि धान्य यांची यादी असलेला एक पपायरस आहे, एक्केचाळीस मीटरहून लांब. तो त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाला. एका बाजूला ती यादी आणि दुसऱ्या बाजूला साठेक कामगारांचं थकलेलं महिन्याचं धान्य ठेवलं, की राज्य कुठे उसवत होतं ते दिसतं.

संपानंतर दोन-तीन वर्षांतच राजाचा खून झाला. तिये नावाच्या राणीनं आपल्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी जनानखान्यात कट रचला होता. त्या खटल्याचा वृत्तांत तुरिनमध्येच आहे. कट फसून राजा वाचला असावा, असं पुष्कळ दिवस काही अभ्यासकांना वाटे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या निष्कर्षांनी तो प्रश्न मिटवला. पट्ट्यांखाली त्याचा गळा हाडापर्यंत चिरलेला होता. तिचा मुलगा नव्हे, तर तिसऱ्या रामसेसचा दुसरा एक मुलगा, चौथा रामसेस, राजा झाला. त्यानं कारागिरांची संख्या दुप्पट करून १२० वर नेली आणि देवाकडे दुसऱ्या रामसेसच्या ६७ वर्षांच्या दुप्पट आयुष्य मागितलं. सहाएक वर्षांत तो गेला. त्याच्या थडग्याचा आराखडा शिल्लक आहे. तोही अमेननाख्तच्या हातचा असावा असं म्हणतात.

पुढची पन्नास-साठ वर्षं उताराची. त्याच नावाचे राजे एकामागून एक येत राहिले. नवव्या रामसेसच्या काळात थडगी फोडणाऱ्यांचे जबाब नोंदलेले आहेत. पकडलेल्यांत कारागिरांच्या तुकडीतलेही काही होते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ती थडगी खोदली त्यांना आत जायची वाट कुणाला विचारायला नको होती. मला या चोरीचा राग येत नाही, पण तिचं समर्थनही मी करणार नाही. शेवटी वाळवंटातून होणाऱ्या लिबियन टोळ्यांच्या धाडींना कंटाळून लोकांनी डोंगरातलं गाव सोडलं आणि मेदिनेत हाबूच्या मजबूत तटाच्या आत आसरा घेतला.

अमेननाख्तच्या घराण्यात लेखनिकाचं पद पिढीजात चालत राहिलं. मुलगा हारशिरे, त्याचा खाएमहेजेत, त्याचा थुतमोस, त्याचा बुतेहामुन. बुतेहामुनच्या वेळी नवीन थडगी खोदण्याचं काम उरलं नव्हतं. सत्ता आमोन देवाच्या महापुरोहितांकडे गेली होती. फुटलेल्या थडग्यांतून जुन्या राजांचे देह बाहेर काढायचे, नव्या कापडात गुंडाळायचे, सुरक्षित जागी हलवायचे, आणि उरलंसुरलं सोनं नव्या सत्तेच्या हवाली करायचं, हे काम त्याच्या वाट्याला आलं. डोंगरभर कपारींवर त्यानं आपलं नाव कोरून ठेवलं आहे.

देइर अल-बहरीजवळच्या कड्यातली गुप्त खोली १८८१ मध्ये उघडली गेली, तेव्हा तिथे राजांच्या ममींची दाटी होती. अहमोस-नेफरतारी या राणीची प्रचंड शवपेटी होती. ही राणी आणि तिचा मुलगा पहिला आमेनहोतेप यांना कारागिरांचं गाव आपली कुलदैवतं मानत असे. त्या पेटीत दोन ममी निघाल्या, आणि त्यातली एक तिसऱ्या रामसेसची ठरली. कापडावर शाईत नोंद होती की तेराव्या वर्षी महापुरोहित पिनेजेमच्या हुकुमावरून या राजाच्या देहाची पुन्हा व्यवस्था करण्यात आली. काम करणाऱ्यांत सत्यस्थानाचा, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या कामाचा, लेखनिक बुतेहामुन याचं नाव आहे. ज्या राजानं धान्य थकवलं, त्याला खापरपणजोबांच्या नोंदीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पणतवंडाच्याही मुलानं कापड नेसवलं. त्यानं तो संपाचा कागद वाचला होता का, हे कोण सांगणार. घरातली दप्तरं त्याच्याकडेच होती, आणि त्या घरात कागद जपून ठेवत.

३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत बावीस राजेराण्यांच्या ममी मिरवत नव्या संग्रहालयात नेल्या. प्रत्येकाचा स्वतंत्र रथ, तोफांची सलामी, थेट प्रक्षेपण. त्यात अहमोस-नेफरतारी होती, तिसरा रामसेसही होता. मी ते रात्री उशिरापर्यंत पाहिलं आणि मला ते आवडलं. एका देशानं आपल्या पूर्वजांना इतक्या आदरानं वागवावं हे चांगलंच आहे. लक्सरला जाणाऱ्यांनी मात्र मेदिनेत हाबूच्या मोठ्या भिंती पाहून झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नये. देवळाच्या मागे, पश्चिमेच्या बाजूला, तटाला लागून एका घराचे थोडे दगडी खांब उभे आहेत. ते बुतेहामुनचं घर. तिकडे सहसा कुणी नेत नाही, म्हणून आपणहून विचारावं.